क्लबाचा फॉर्म

रेल्वेच्या रुळांचे सांधे बदलणाऱ्या वैजीनाथ सांधेवाल्यानं क्लबाचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरायचं ठरवलं, तिथंच सगळं बिघडलं. (कारकून बन्सीधर भरून द्यायला तयार होता. पण मेंबर होणाऱ्या माणसानं दुसऱ्याचा टाक कशाला उसना घ्यावा?)

निजामी जाऊन चार वर्षं झाली होती. पूर्णा जंक्शनवर रेल्वेच्या नोकरांसाठी नवा क्लब निघाला होता आणि त्याचे नियम कडक होते. एका घरातून एकच मेंबर, बाकीचे कुटुंब. कुटुंबानं यावं, बसावं, चहा प्यावा. सामने खेळायचे ते मेंबरांनीच. वैजीनाथची बायको कोकिळा रेल्वेच्याच दवाखान्यात आया होती, म्हणजे मेंबर तिलाही होता आलं असतं. पण हा विचार वैजीनाथच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

त्याच्या डोक्यात फक्त कॅरमचे सामने होते. महिनाभर तो घरी कोकिळेला समोर बसवून सराव करत होता. ती रोज जिंकायची आणि तो रोज तिच्या नशिबाचं कौतुक करायचा. जावई साहेबलोकांत कसा खेळतो ते दिसावं म्हणून त्यानं ताडकळसहून सासऱ्याला, व्यंकटीला, मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

सामन्याच्या दिवशी हॉल खच्चून भरला. सेक्रेटरी दिनकररावांनी यादी वाचली. पहिला सामना, फायरमन भुजंग आणि मेंबर कोकिळाबाई.

वैजीनाथ धावतच टेबलापाशी गेला. दिनकररावांनी फॉर्म पुढं धरला. डाव्या रकान्यात मेंबर, उजव्या रकान्यात कुटुंब, असं इंग्रजीत छापलेलं. वैजीनाथ शिकलेला उर्दू शाळेत. हाताच्या सवयीनं त्यानं उजवीकडून सुरुवात केली होती आणि पहिलं नाव अर्थातच स्वतःचं घातलं होतं.

"आता बदला की साहेब," तो घाम पुसत म्हणाला.

"बदलता येतं. पण मेंबराचा अर्ज लागतो."

सगळा हॉल कोकिळेकडं बघायला लागला. तिनं पदर खोचला. "आज नगं," ती म्हणाली. "बाबा लांबून आलेत. खेळून घेते."

भुजंगला तिनं चहा येण्याआधी उठवलं. मग तिकीट कलेक्टर, मग गार्ड. वैजीनाथ आधी भिंतीकडं तोंड करून रुसला होता. फायनलला तो खुर्चीवर चढून "राणी घे, राणी" असं ओरडायला लागला. कुटुंबानं बसून घ्यावं, असं दिनकररावांना दोनदा सांगावं लागलं. राणी पडली तेव्हा व्यंकटी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून "माही लेक हाय ती" म्हणत होता, आणि वैजीनाथच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

शेवटी परभणीहून आलेल्या फोटोवाल्यानं सगळ्यांना रांगेत लावलं. मेंबर मागं उभे, कुटुंबं पुढं सतरंजीवर. कोकिळा कप घेऊन मागं गेली. वैजीनाथ गार्डाच्या आणि स्टेशनमास्तरांच्या बायकांच्या मधे मांडी घालून बसला.

फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं.

"पुढच्या रांगेतल्या मधल्या बाई," तो आतून म्हणाला, "टोपी जरा मागं सारा, तोंड दिसंना."