चांदणीची साक्ष

बिनतिकिटाचा माणूस मला वासावरून कळतो! उगाच फुशारकी मारत नाही. उभी नोकरी एस. टी.त कंडक्टर म्हणून काढली आहे मी, कोल्हापूर ते वारणानगर आणि कोल्हापूर ते जोतिबा. चैत्राच्या यात्रेला गाडीत मुंगी शिरायला जागा नसायची, पण त्या गर्दीत फुकट कोण बसलंय ते मी दारातूनच सांगायचो. एक झोपेचं सोंग घेतो, दुसरा खिडकीबाहेर फारच मन लावून बघतो. दोघांनाही भर माळावर उतरवायचो, मग तो सख्खा मेव्हणा का असेना! एकदा खरंच मेव्हणा होता. आमची तानाबाई त्यावरून अजून भांडते.

आता रिटायर झालोय, पण नजर कुठं रिटायर होते? आमच्या पेठेत संध्याकाळी दूध कट्टा भरतो. गवळी म्हशी घेऊन चौकात येतात, गिऱ्हाईक कट्ट्यावर बसतं आणि समोर काढलेली धार थेट पेल्यात! विजेच्या खांबाजवळची जागा माझी. इमाम गवळी आपल्या चांदणी म्हशीचा पहिला पेला मला देतो आणि पैसे विचारतसुद्धा नाही. मान असतो एकेका माणसाचा! तर तो पेला हातात धरून मी रोज पेठेला शहाणं करत असतो.

त्या साली विषय एकच होता, बेकारभत्ता. शिकलेल्या बेकार पोरांना सरकारकडून दरमहा भत्ता मिळायला लागला आणि बघता बघता आमच्या पेठेतली निम्मी पोरं बेकार झाली! बापाच्या पिठाच्या गिरणीवर बसणारा बेकार. लग्नात क्लॅरिनेट वाजवणारा बेकार. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवसभर "पाच किलो कमी भरलं!" म्हणून ओरडणारा तोसुद्धा बेकार!

"सगळं बिनतिकिटाचं गिऱ्हाईक!" मी कट्ट्यावरनं गरजलो. "आईबापच सामील हायत याला! पोरगं कमवतंय आणि बाप म्हणतोय, आमचं बाळ बेकार हाय. अशा बापांना पहिलं खाली उतरवाय पायजे!"

"आणि तुमचा जोतीराम वो, मास्तर?" इमामनं धार काढता काढता विचारलं. कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात.

"जोतीराम? अरे, भत्ता घेतोय खरा, पण त्यो अस्सल बेकार हाय! बी. ए. झाल्यापासनं इकडची काडी तिकडं केलेली न्हाय त्यानं! पहाटे तालमीत जातो, आला की जेवतो, आणि जेवला की झोपतो ते दुपार कलंडेपतोर. त्याच्यासारखा बेकार पेठेत दाखव एक!"

"आमचा हुसेन काय कमी हाय का?" इमाम तांब्या ठेवून उठलाच. "दहाला उठतोय त्यो!"

"आमचा दुपारी चारला!"

"आमचा उठल्यावर परत झोपतोय!"

"आमचा जेवताना झोपतो!"

कट्टा हसून लोळायला लागला. पण मला हसू येईना. इमामच्या गोठ्यात दहा म्हशी, इमामचे गुडघे गेलेले, तरी गोठा कसा आरशासारखा! मग करतं कोण? तो बी. कॉम. झालेला हुसेनच करत असणार आणि वर भत्ता घेत असणार! मी भर कट्ट्यावर तसं बोलून दाखवलं.

"आमचा हुसेन गोठ्यात पाय ठेवत न्हाय, मास्तर," इमाम खाली बघून म्हणाला.

खाली बघून! बिनतिकिटाचा असंच खाली बघतो. धरला!

"मग होऊन जाऊ दे!" मी खांबावर थाप मारली. "पाडव्याला म्हशी पळवायच्या हायत न्हवं? चांदणीला हुसेननं हाळी द्यायची. पळाली त्याच्या मागनं, तर त्यो कामाला हाय. न्हाय पळाली, तर मी ही जागा सोडीन. परत कट्ट्यावर बसायचा न्हाय!"

परगावच्या वाचकांना सांगायला हवं, दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. मालक पुढं फटफटीवर आणि मागनं म्हैस उधळलेली, ना दोरी ना दावं, नुसत्या हाळीवर. पण म्हैस कुणाच्याही हाळीला भुलत नाही. जो वैरण घालतो, अंग चोळतो, धार काढतो, त्याच्याच मागं ती पळते. बाकीच्यांनी घसा फोडून घेतला तरी ती रवंथ करत उभी!

इमाम गडबडला. "राहू द्या की, मास्तर. सणासुदीचं कशाला?"

"घाबरला!" मी ओरडलो.

"घाबरत न्हाय. पण मग तुमच्या जोतीरामनंबी हाळी द्यायची."

"देईल की! त्याला म्हशीचं तोंड कुठल्या बाजूला असतंय, तेबी ठावं न्हाय!"

घरी येऊन तानाबाईला सगळं सांगितलं. तिच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली.

"अवो, कशाला नसत्या भानगडीत पडताय? जोतीरामला तरी मधी घालू नका."

"तू गप. अस्सल माल हाय आपला, तपासणीला कशाला भ्यायचं?"

जोतीराम कोपऱ्यात जेवत होता. त्याला जोराचा ठसका लागला. मी पाठ थोपटली, तर पाठ कशी दगडासारखी! हाताची पकड तर अशी, की मागं एकदा त्यानं पाय चेपून दिले तर दोन दिवस लंगडत होतो. तालमीचा गुण, दुसरं काय! अंगाला एक उग्र वास यायचा, तोही लाल मातीचा, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी थेट भत्त्याच्या कचेरीत गेलो आणि चौकशीच्या साहेबांना पाडव्याचं आमंत्रण दिलं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "साक्षीला माणसं आणतात लोक. म्हशीची साक्ष पहिल्यांदाच ऐकतोय. येतो!"

पाडव्याला चौकात ही गर्दी! म्हशींची शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरू, कपाळावर मोरपिसं. चांदणी तर नवरीच! कपाळावर पांढरा ठिपका आणि शिंगं मागं पार पाठीपर्यंत गेलेली. साहेबांना मी खांबाजवळ, माझ्या जागेवर बसवलं आणि माझा पेला हातात घेऊन शेजारी उभा राहिलो. जोतीराम दिसेना. बघतो तर साहेबांच्या पाठीमागं अंग चोरून उभा!

"हुसेन, ये फुडं!" मी हुकूम सोडला.

हुसेन इस्त्रीची पँट घालून आला आणि एका पोराच्या फटफटीवर मागं बसला. सायलेन्सर काढलेली फटफटी, आवाजानं कान बधिर! हुसेननं हाळी दिली, "चांदणीबाई, चला ना!"

अख्खा चौक फिस्सकन हसला. चांदणीनं कान हलवला, बास. हुसेन उतरून जरा जवळ गेला, तशी तिनं नुसतं फुर्र केलं. आणि गवळ्याचा पोरगा "अब्बा!" म्हणून बोंबलत मागं सरला तो सरळ शेणाच्या पाटीत बसला, इस्त्रीच्या पँटीसकट!

"बघा, लोकहो, बघा!" इमाम दोन्ही हात वर करून नाचायला लागला. गुडघे दुखायचे विसरला गडी! "म्हशीला भितोय माझा पोरगा! खानदानात कुणी भ्यालं न्हवतं. लाजंपायी बोललो न्हाय मी, पण आता बघा! शंभर नंबरी बेकार हाय की न्हाय?"

जागा गेली! पण तेवढ्यात चांदणीनं मान वळवली. नाक वर करून तिनं हुंगलं आणि गर्दी बाजूला सारत निघाली ती सरळ खांबाकडं! साहेब पाय वर घेऊन कट्ट्यावर चढले. चांदणीनं त्यांच्याकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. ती मागं गेली आणि जोतीरामचं तोंड खसाखसा चाटायला लागली.

"हाड! हाड!" मी ओरडलो. "चुकली म्हैस! अरे जोतीराम, घाबरू नकोस! दे हाळी, म्हंजे जाईल लांब!"

"आबा, नको..."

"दे म्हणतो न्हवं!"

जोतीरामनं एकदा गर्दीतल्या आईकडं बघितलं, एकदा इमामकडं. मग टांग मारून फटफटीवर बसला आणि अशी काही हाळी घातली, "च्यऽऽल गं चांदणेऽऽ!" की माझ्या हातातल्या पेल्यातलं दूध हिंदकळलं. चांदणी उधळली! घुंगरू छमछम, शेपूट वर, चारही पाय हवेत! पुढच्या गल्लीतल्या म्हशी मागं पडल्या, घाटावरच्या मागं पडल्या. चौकाला वळसा घालून पहिली आली ती आमची चांदणी! मानाचा फेटा जोतीरामच्या डोक्यावर, आणि शिट्ट्यांनी पेठ दणाणली.

खोटं कशाला सांगू? मी सगळं विसरलो. पैज विसरलो, भत्ता विसरलो. वर्षभर ज्याला मी आळशी म्हणून कट्ट्यावर मिरवत होतो, ते माझं पोरगं पहाटे उठून दहा म्हशींचा गोठा ओढत होतं! छाती अशी भरून आली की सदऱ्याचं बटण तुटलं.

"माझा पोरगा हाय त्यो!" मी साहेबांना गदागदा हलवून सांगितलं. "माझा! जोतीराम! कामाला हाय त्यो, कामाला!"

बोललो आणि जीभ चावली. साहेब चष्मा नीट करत जोतीरामकडं बघत होते. मेलो! भत्ता गेला, अब्रू गेली, आता पोराला बेड्या!

"अरे, हा तर तो!" साहेब म्हणाले. "काम मिळालं, माझा भत्ता बंद करा, असं कचेरीत येऊन सांगणारा हा एकटाच पोरगा! विसरेन कसा?"

झालं! आता मला कोण आवरतंय? "ऐकलं का पेठंनं? तिकीट न काढता बसायचं रक्तातच न्हाय आमच्या! बापावर गेलाय!" मी खांबाला मिठी मारली, इमामला मिठी मारली, शेणात बसलेल्या हुसेनलासुद्धा उठवून मिठी मारली. "पण लेका, मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणला हुता न्हवं आबा, बी. ए. झालेला पोरगा शेणात हात घालणार न्हाय म्हणून."

"म्हणलो असंन! आज शब्द माघारी घेतला!"

साहेबही खुशीत आले. "पगार काय मिळतो रे?"

"पगार आईकडं देतोय, साहेब," जोतीराम म्हणाला. "आणि वर..." तो थांबला.

"वर काय?"

इमाम शिंगाचा रंग खरवडायला लागला. शेवटी तानाबाईच पदर खोचून पुढं आली. मेव्हण्याचा सूड इतकी वर्षं जपून ठेवला होता बाईनं!

"वर रोज सांजचा एक पेला दूध," ती साहेबांना म्हणाली. "कट्ट्यावर. ह्यास्नी!"

सगळा चौक माझ्याकडं बघायला लागला. पेला माझ्या हातातच होता. मिशीला फेस होता. मी आधी डोळे मिटले, मग खूप मन लावून घाटाच्या दिशेनं बघितलं. मग पेला हळूच कट्ट्यावर ठेवला आणि कुणी घंटी मारायच्या आत आपणहून खाली उतरलो.

आता मीसुद्धा पहाटे गोठ्यावर जातो. वैरण घालतो, पाणी दाखवतो आणि संध्याकाळी कमावलेला पेला ताठ मानेनं पितो, पण खांबापासून लांब, उभ्यानं. परवा कुणी नाही असं बघून चांदणीला हळूच एक हाळी दिली. तिनं रवंथ थांबवून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तोंड फिरवलं. बिनतिकिटाचा माणूस तिलाही वासावरून कळत असावा!