पालकांनी येऊन भेटावे

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई सकाळी सकाळी फाटकासमोर उकिडव्या बसलेल्या पाहून दूधवाल्याला वाटलं, बाईंना चक्कर आली. तो धावत आला. बाई रस्त्यावर खडूने गोल काढत होत्या. गोलाच्या मधोमध कुत्र्याची ताजी घाण होती आणि शेजारी बाईंच्या वळणदार अक्षरात शेरा होता : 'पालकांनी येऊन भेटावे.'

कारणही तसंच होतं. आदल्या दिवशी बाईंच्या यजमानांची काठी अशाच एका ढिगावरून सटकली होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झालेले. फाटक हाताशी आलं म्हणून वाचले, पण घरात येऊन म्हणाले, "संपलं माझं फिरणं."  बाईंनी कपाटातून खडूची पेटी काढली.

आठवडाभरात गल्लीत पंधरा शेरे झाले. 'अक्षम्य निष्काळजीपणा.' 'वारंवार सांगूनही सुधारणा नाही.' निम्मी गल्ली बाईंच्या हाताखालून गेलेली. लोक मुकाट्याने खिशात पिशवी घेऊन कुत्री फिरवू लागले. कोपऱ्यावरचा शिंपी तर दारात येऊन सांगून गेला, "बाई, आमच्या राणीचं उचललं बरं का!"

नमले नाहीत ते फक्त गल्लीतले वकील. त्यांचा कुत्रा ढब्बू वासराएवढा आणि त्याचं कामही त्याच मापाचं.

"हे तुमच्या ढब्बूचं आहे," बाई म्हणाल्या.

"पुरावा?"

"एवढं मोठं दुसऱ्या कुणाचं असणार?"

"हा तर्क झाला. कुणी पाहिलंय का?"

"उद्यापासून मी पाहणार."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता वकील निघाले, तर दहा पावलं मागे बाई. पायात बूट, हातात वही. ढब्बू बसला, बाईंनी घड्याळ पाहिलं. "सहा वाजून बारा मिनिटं. शाब्बास, ढब्बू!"

"त्याला शाब्बास कशाला?" वकील उखडले.

"तो वेळेवर करतो. न उचलणारे तुम्ही."

वकिलांनी वेळ बदलली, साडेपाचला निघाले. बाई फाटकात उभ्या! मागच्या रस्त्याने गेले, तर ढब्बूनेच त्यांना फरफटत बाईंकडे आणलं. पंधरा दिवस असं चाललं, पण वकील काही वाकले नाहीत. उलट त्यांनी पालिकेत अर्ज ठोकला : सार्वजनिक रस्त्याचे विद्रूपीकरण.

निरीक्षक आले. वकील ढब्बूला घेऊन हजर झाले. गल्लीही जमली.

"बाई, रस्त्यावर लिहायला बंदी आहे. पुसा ते."

"पुसते. आधी गोलातलं उचलायला सांगा."

"तो वेगळा विषय आहे," असं म्हणत निरीक्षक शेरा नीट वाचायला एक पाऊल मागे सरले आणि जागच्या जागी थिजले. त्यांनी बूट उचलून पाहिला. कालच पॉलिश केलेला दिसत होता.

"हे कुणाचं?"

सगळी गल्ली वकिलांकडे बघू लागली. वकील पुराव्याचा मुद्दा काढणार, तेवढ्यात ढब्बूची नजर बाईंवर गेली. तो निरीक्षक आणि वकील यांच्या मधोमध आला आणि शांतपणे कामाला बसला.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी वकिलांचाच अर्ज त्यांच्या हातात दिला. "उचला."

"मी? सगळ्यांसमोर?"

"मुद्देमाल ताब्यात घ्या, वकीलसाहेब," बाई म्हणाल्या.

वकील वाकले. त्या दिवसापासून रोज पिशवी घेऊन निघू लागले. बाईंनी रस्ता धुतला, बूट माळ्यावर टाकले. यजमान पुन्हा कोपऱ्यापर्यंत जाऊ लागले.

चौथ्या दिवशी पहाटे बेल वाजली. दारात वकील, डोळे तारवटलेले. पायरीवर ढब्बू.

"बाई, जरा येता का आमच्याबरोबर?"

"कशाला? आता उचलता ना तुम्ही?"

"उचलायला काही असेल तर उचलू!" वकील रडकुंडीला आले होते. "तीन दिवस झाले. कोपऱ्यापर्यंत येतो, मागे वळून बघतो, तुम्ही दिसत नाही, की परत फिरतो. डॉक्टर म्हणतात, पोट ठणठणीत आहे. तुम्ही मागे लागल्याशिवाय त्याला होतच नाही!"

"मी कुणाच्या कुत्र्यासाठी उठायची नाही," बाई ठणकावून म्हणाल्या. ढब्बूने हनुवटी त्यांच्या पावलावर टेकवली आणि डोळे वर करून पाहिलं.  मग माळ्यावरून बूट काढायला बाईंनी वकिलांनाच स्टुलावर चढवलं.

कोपऱ्यावर ढब्बूने मागे वळून पाहिलं. दहा पावलांवर बाई होत्या. त्याने तीन दिवसांची कसर भरून काढली. वकिलांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पिशवी काढली, वाकले, सगळं नीट उचललं.

"डावीकडे राहिलंय," मागून आवाज आला.

"बाई, ते आमचं नाही!"

"माहीत आहे. वाकलाच आहात तर तेही उचला."