ज्वारीच्या डब्यातले मोबाइल

मल्लिनाथअण्णांच्या कट्ट्यावर बसायचं तर आधी आपला मोबाइल ज्वारीच्या डब्यात खुपसावा लागे. "आदी ते कान काढून ठिवा, मग बोला की!" एकदा अण्णा 'गुडघा दुखतोय' म्हणाले, तर संध्याकाळी त्यांच्या फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. तेव्हापासून हा डबा.

जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीचा तो कट्टा. कुणाचं ऑफिस, माझी शाळा सुटली की तिथं टेकायचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची सून रुसली, सगळं निघायचं. अण्णा बजावायचे, "हितलं हितंच ऱ्हायलं पायजे."

मग राज्यभर वायर टाकायची टूम निघाली. आमची गल्ली खणली, बुजवली आणि घरोघर इंटरनेट आलं. मोबाइल डब्यात ठेवून बसायला कुणाला सवड राहिली नाही. गल्लीचा ग्रुप झाला. अण्णा त्यात गेले नाहीत. रोज शेजारी बसणारे कुलकर्णी वारले, ते अण्णांना सगळं उरकल्यावर कळलं. "ग्रुपवर टाकलं होतं की," जो तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "दार वाजवायचं एक. चार पावलांवर हाय मी." मला तेव्हा आपल्या सगळ्यांचीच किळस आली.

पुढं समोरच्या खांबावर कॅमेरा बसला. गल्ली ज्याच्या त्याच्या मोबाइलवर दिसू लागली. अण्णा त्याच्याकडे पाठ करून बसत. "माजं तोंड फुकट बघू देनार न्हाय!" लोकांना गंमत वाटे.

गेल्या आठवड्यात मोबाइलवर सहज बघितलं, तर अण्णा कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेले. अंगात इस्त्रीचा सदरा. भाकरीचं ताट उचलून दाखवत होते, हातानं 'या, या' करत होते. आवाज येत नव्हता. ग्रुपवर कुणीतरी हसरे चेहरे टाकले. मी चपला घातल्या आणि गेलो.

अण्णा दचकलेच. "मास्तर! म्हंजे दिसतोय की मी त्यात?"

"दिसता की, अण्णा."

"सगळ्यास्नी?"

"सगळ्यांना."

ते गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिले. "मग येत कसं न्हाय कोनी?"

मी सवयीनं मोबाइल काढून डब्याकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या आज. बगा की त्यात, कोन यायलंय का."

मी बघितलं. कट्ट्यावर आम्ही दोघंच होतो.