पंपाला पांघरूण

रेडिएटर कोमट होता. तेओफिल बार्नाशने त्यावर आधी तळहात ठेवला, मग हाताची मागची बाजू, आणि शेवटी, घरात कुणी बघत नाही ना याची सवयीने खात्री करून, गाल टेकवला. कोमटच. ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखा. ऊब होती, पण ती ऊब म्हणून मोजायला तेओफिलचं मन तयार नव्हतं. त्याच्या हिशेबी ज्या रेडिएटरला हात लावून माणूस "आई गं" म्हणत नाही, तो रेडिएटर बंदच.

"हे बघ," तो भिंतीवरच्या फोटोला म्हणाला. "हाच का तुझा पंप?"

फोटोतली त्याची बायको ओतिल्या खांद्यावर जाड लोकरी शाल घेऊन हसत होती. फोटो ऐन जुलैतला होता.

तेओफिलचं सगळं आयुष्य रिब्निक शहराजवळच्या खाणकामगारांच्या या वस्तीत गेलं होतं. उमेदीची वर्षं त्याने जमिनीखाली कोळसा खणण्यात घालवली आणि निवृत्तीनंतरची वर्षं तोच कोळसा तळघरातल्या भट्टीत टाकण्यात. ओतिल्या दर हिवाळ्यात सांगायची, "अहो, मला फार थंडी वाजते. ती भट्टी काढा आणि हीट पंप बसवा. सगळी बसवतायत."

"बाहेरच्या गार हवेतून उष्णता काढणारी पेटी?" तेओफिल म्हणायचा. "उद्या सांगशील, दगडाचं दूध काढतात. थंडी वाजते ना? थांब, अजून चार फावडी टाकतो." आणि खोकत खोकत तळघरात उतरायचा.

मार्चमध्ये ओतिल्या गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. तेओफिलला मात्र ऐकू आलं ते एवढंच, की बाई थंडीने कुडकुडत गेली आणि नवऱ्याने ऐकलं नाही. हे तो कुणापाशी बोलला नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने भट्टी काढून टाकली आणि पंप बसवून घेतला. कोळशाची बाजू घेऊन निम्म्या वस्तीशी भांडलेला हा माणूस असा फिरला कसा, याची बेकरीच्या रांगेत आठवडाभर चर्चा झाली.

समोरच्याच घरात राहणारी मेहुणी, ओतिल्याची धाकटी बहीण रोझालिया, चर्चा करत बसली नाही. तिने त्या दिवसापासून तेओफिलशी बोलणंच टाकलं. समोरासमोर आली की ती आभाळाकडे बघायची. त्यामुळे वस्तीत तिला हवामानातलं बरंच कळतं असा समज झाला होता.

पंप बसवणारी इलोना नावाची मुलगी जाताना त्याला बजावून गेली होती, "काका, आता एकच काम करायचं. काही करायचं नाही. सारखं बंद-चालू नको, वाढव-कमी कर नको. हा मंद चालतो, पण रात्रंदिवस चालतो. तसा चालू दिला तरच वीज कमी खातो. रेडिएटर चटके देणार नाहीत. घर उबदार राहिलं की झालं."

"बरं. आणि मी काय करू?"

"तुम्ही आरामात बसा."

बसायचं कसं हेच तर त्याला येत नव्हतं. रोज सकाळी तो सवयीने तळघरात उतरायचा, भट्टीच्या रिकाम्या जागेसमोर थोडा वेळ उभा राहायचा आणि वर यायचा.

जानेवारी निम्मा सरला आणि कडाक्याची थंडी पडली. पारा उणे अठरावर गेला. त्या दिवशी फादर मार्सेल घरोघरी आशीर्वाद द्यायला याच गल्लीत येणार होते. तेओफिलने टेबलावर पांढरी चादर घातली, क्रूस ठेवला, मेणबत्त्या ठेवल्या आणि मग रेडिएटरला गाल लावून पाहिला. त्याला धसका बसला. फादर काय म्हणतील? बायको थंडीत गेली, आता पाद्रीही घालवतो का?

त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणात पाहिलं. पंपाची बाहेरची पेटी बर्फात एकटी उभी होती. खाली हिमाच्या कांड्या लोंबत होत्या. पंखा फिरता फिरता थांबला. पेटी अंगभर शहारली आणि पुन्हा फिरू लागली.

"अगं आई," तेओफिल पुटपुटला, "हिलाच हुडहुडी भरलीय."

जी स्वतःच गारठलीय ती घर काय तापवणार? हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं, की इलोनाला हे सुचलं कसं नाही याचंच नवल वाटलं. अशा थंडीत माणूस कुत्र्यालाही बाहेर ठेवत नाही. तो निजायच्या खोलीत गेला आणि पेटाऱ्यातून ओतिल्याची रजई काढली. हंसाच्या पिसांची, अर्धा पलंग फुगवून टाकणारी रजई. मार्चनंतर त्याने ती एकदाही अंगावर घेतली नव्हती. ती पंपाभोवती त्याने नीट लपेटली, कडा आत खोचल्या आणि वर कपडे वाळत घालायची दोरी करकचून बांधली.

"आता बघ," तो पेटीला म्हणाला.

पेटी घरघरली. घरात मात्र गारवा वाढला. तेओफिलने भिंतीवरच्या पंपाच्या डबीतला तापमानाचा आकडा चढवला, तशी पेटी घोरल्यासारखा आवाज करू लागली. त्याने जमिनीवरची सतरंजी नेऊन रजईवर घातली. पेटी धापा टाकू लागली. मग त्याने आपला खाणीतला जाड कोट वरून चढवला. पेटी गप्प झाली आणि भिंतीवर आकड्याऐवजी एक अक्षर लुकलुकू लागलं. तेओफिलने रेडिएटरला हात लावला. आता तो कोमटही नव्हता.

अशा वेळी ओतिल्या काय करायची? गारठून आलेल्या माणसाचे पाय गरम पाण्यात ठेवायची. तेओफिलने मोठं पातेलं उकळलं, दोन्ही हातांनी धरून बाहेर नेलं आणि पेटीच्या डोक्यावर रिकामं केलं.

उणे अठराच्या हवेत उकळतं पाणी पडल्यावर जे व्हायचं ते झालं. फुस्स करून वाफेचा एवढा मोठा ढग उठला, की त्यात पेटी, तेओफिल आणि निम्मं अंगण दिसेनासं झालं.

हा ढग रोझालियाने आपल्या खिडकीतून पाहिला. तिने तेओफिलशी बोलणं टाकलं होतं, अग्निशमन दलाशी नाही.

"लवकर या," ती फोनवर म्हणाली. "आमचे भावोजी एक तर टायर जाळतायत, नाहीतर स्वतःला. आणि दोन्हीला बंदी आहे!"

गाडी आली. तिच्यातून वस्तीतलेच चार स्वयंसेवक आणि त्यांचा म्होरक्या एर्विन उतरले. एर्विन आणि तेओफिल खाणीत एकाच पाळीला होते.

"तेओ! आग कुठंय?"

"आग असती तर मग काय हवं होतं?" तेओफिल म्हणाला. "आग नाही हेच तर दुखणं आहे."

वाफ विरली होती. पाणी आता गोठलं होतं आणि रजई, सतरंजी, कोट आणि पेटी यांचा मिळून एकच पांढरा दगड झाला होता. एर्विनने त्याला एक फेरी मारली.

"हे काय आहे?"

"पंप."

"आणि त्याच्यावर?"

"पांघरूण."

एर्विनने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. हसायचं नाही, असं त्या नजरेत होतं. त्यांनी मन लावून बर्फाकडे पाहिलं. मग एर्विनने लोखंडी आकडा घेतला, तो दोरीत अडकवला आणि जोर लावला. कोट निघाला. सतरंजी कडाडत निघाली. रजई मात्र गोठून घट्ट चिकटली होती. "जरा जपून," असं तेओफिल म्हणेपर्यंत जुनं कापड टर्रकन फाटलं. आणि नेमकं तेव्हाच, दम खाऊन पुन्हा एकदा प्रयत्न करायची त्या पेटीला बुद्धी झाली. पंखा सुरू झाला.

फादर मार्सेल फाटकातून आत येत होते. पुढच्या क्षणी त्यांना काहीच दिसेना. हंसांच्या एका अख्ख्या कळपाची पिसं पंख्याच्या झोतावर चढून गल्लीभर निघाली होती. फादरांच्या काळ्या झग्यावर, अग्निशमनच्या गाडीवर, नाशपातीच्या झाडावर, सगळीकडे पिसंच पिसं. फादरांनी तोंडातलं एक पीस काढलं आणि शांतपणे म्हणाले, "देव या घराचं भलं करो."

एर्विनने इलोनाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"काका, पंपाला काय घातलंत?"

"रजई."

"अजून?"

"सतरंजी."

"अजून काही?"

"कोट. पण जुना होता."

"अहो काका, ती पेटी हवेवर जगते! गार हवा आत ओढते, तिच्यातली होती नव्हती ती ऊब काढून घरात देते आणि उरलेली हवा बाहेर टाकते. तुम्ही तिचं नाक-तोंड बांधलंत. आता हात लावू नका. गरम पाणीबिणी तर मुळीच ओतू नका."

तेओफिलने रिकामं पातेलं हळूच पाठीमागे धरलं.

तेवढ्यात रोझालिया रस्ता ओलांडून आली. पायात घरातल्याच सपाता, केसांत पिसं. आल्या आल्या तिने जमिनीवरचं फाटकं कापड उचललं आणि तिचा चेहरा बदलला.

"ही आमच्या आईची रजई! आम्ही दोघी बहिणी हिवाळाभर बसून पिसं काड्यांवरून सोलायचो तिच्यासाठी! आणि ती तुम्ही यंत्राला घातलीत?" तीन महिन्यांचं साठलेलं बोलणं एकदम बाहेर आलं. "माझी बहीण जन्मभर पंप मागत होती, तेव्हा हवा होता तो कोळसा. ती मातीत गेली आणि साहेबांना सुख आठवलं! बसा आता उबेत पाय पसरून!"

"सुख?" तेओफिल म्हणाला. "मला कसलं सुख गं? तिला थंडी वाजायची. शाल गुंडाळून, गुडघे पोटाशी घेऊन भट्टीच्या भिंतीला टेकून बसायची. मी ऐकलं नाही. गेली तशीच कुडकुडत. म्हटलं, आता तरी तिचं घर गरम असावं. दुसरं काय करणार होतो मी?"

एर्विनच्या माणसांनी पुन्हा बर्फाकडे पाहिलं, पण या वेळी हसू दाबायला नव्हे. रोझालिया पायरीवर बसली.

"भावोजी," ती म्हणाली, "तिला थंडी वाजत नव्हती."

"काय?"

"कधीच नाही. माझ्याकडे आली की दारातच शाल फेकायची. 'रोझा, खिडकी उघड, मेले मी उकडून' म्हणायची. तुमचं ते घर म्हणजे भट्टी होती, भावोजी. शालीखाली घामाने निथळायची ती."

"मग... ते रोजचं 'थंडी वाजते, थंडी वाजते'?"

"तुमच्या छातीसाठी. तुम्ही कोळसा टाकून खोकत वर यायचात, आणि ती जिन्याच्या तोंडाशी ऐकत उभी असायची. डॉक्टर तिला म्हणाले होते, या माणसाच्या छातीत आता धुळीला जागा नाही. पण हे तुम्हाला कोण सांगणार? 'आता तुमच्याने होत नाही' म्हटलं असतं तर तुम्ही दुप्पट ओढला असता कोळसा. म्हणून म्हणायची, 'मला थंडी वाजते.' वाटायचं, बायकोसाठी तरी भट्टी काढतील."

तेओफिलने मनात हिशेब लावला. तो लागला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "ती म्हणायची थंडी वाजते... आणि मी अजून फावडी टाकायचो."

"हो."

"मग मी जास्त खोकायचो."

"मग ती अजून एक शाल घ्यायची," रोझालिया म्हणाली. तिला हसू फुटलं आणि त्यातच रडू कोसळलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"शपथ घातली होती तिने." रोझालियाने फादरांकडे पाहिलं. "आज मोडली."

"मोडली ते बरं केलंत," फादर म्हणाले.

तेओफिल लाल झाला. सगळ्यांना वाटलं आता हा रडणार. पण तो ताडकन घराकडे वळला, आणि स्वयंपाकघरातून त्याचं ओरडणं बाहेर ऐकू येऊ लागलं. "खोटारडी! जुलै महिन्यात शाल! आणि मी मूर्ख, लोकर आणून द्यायचो!" मग आवाज थांबला. कुणी आत गेलं नाही. एर्विनने हेल्मेट काढलं, उलटं धरलं आणि त्यात पिसं गोळा करायला सुरुवात केली. बाकीचेही वाकले. फादरांनी झग्याचा ओचा केला.

दुपारी इलोना आली. तिने पेटीचा बर्फ उतरवला, मागच्या जाळीत अडकलेली पिसं काढली आणि तेओफिलकडे नुसतं एकदा पाहिलं. पंप पुन्हा मंद गुणगुणू लागला. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात माणसं कोट काढून बसली. रोझालियाने घरून खसखशीचा केक आणला. पिसांनी दोन उशांच्या खोळी भरल्या. बाकीची पिसं झाडावरच राहिली.

फादर बाकीची घरं करून परत आले होते. त्यांनी मेणबत्ती लावली. "ओतिल्याबाईंसाठी प्रार्थना करू या," ते म्हणाले. "काका, काही खास मागायचं आहे?"

"मागायचं नाही. पण वर निरोप पोचत असेल, तर तिचं नाटक पकडलं गेलं म्हणावं."

"बरं. अजून काही?"

तेओफिल टेबलावरच्या चादरीची घडी बोटाने सरळ करत राहिला. ती सरळ झाल्यावरही करत राहिला.

"या हिवाळ्यात खोकला कमी आहे म्हणावं," तो म्हणाला.

फादरांनी मान हलवली आणि पुस्तक उघडलं.