शेषरावभाऊंचे पुठ्ठे

नोटेवर सही करणाऱ्या साहेबाला आमच्या तामसी गावात कोणी ओळखत नसे. शेषरावभाऊंची सही मात्र शेंबडं पोरही ओळखे. देशात चिल्लरीची टंचाई पडली तेव्हा या किराणा दुकानदाराने विडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, त्यांवर 'चार आणे', 'आठ आणे' लिहिलं आणि खाली वळणदार सही ठोकली. सुट्टे नसले की पुठ्ठा हातात. पुढच्या वेळी तो आणा, तेवढा माल न्या. बघता बघता पुठ्ठे न्हाव्याकडे आणि पिठाच्या गिरणीतही चालू लागले. आदिलाबादच्या बसचा कंडक्टर तेवढा घेत नसे. भाऊंच्या मते बस हा परदेश होता.

मी शाळामास्तर, दुकानासमोरच भाड्याने राहायचो. साखरेचा भाव विचारला तरी भाऊ आधी धोरण सांगत. "बजारात पुठ्ठा लय झाला, मास्तर. आता हात आवरा लागते."

मग आदिलाबादेत एक चिटफंडवाला लोकांचे पैसे घेऊन पळाला. त्याचा आणि भाऊंचा काडीचा संबंध नव्हता, पण दुसऱ्या सकाळी अख्खं गाव पुठ्ठे घेऊन दुकानापुढे हजर. मीही होतो, अब्रू सांभाळून, जरा मागे. सगळ्यांना एकदम माल द्यायचा तर दुकान रिकामं झालं असतं. भाऊंनी बाहेर बाकं टाकली, चहा ठेवला आणि मीठ-गूळ सावकाश तोलायला घेतला.

"काऊन घाबरून राह्यले? सारं घ्या. वरून गुळाचा खडा देतो. अन् ज्याले नवा पुठ्ठा पायजे, त्याले तो बी देतो."

माणूस इतक्या सैल हाताने देतोय म्हटल्यावर रांगेतल्यांनाच लाज वाटू लागली. दुपारपर्यंत मागचे घरी गेले. मग भाऊंनी गुळाच्या ढेपेआड वाकून उरलेला माल मोजला.

पुढे चिल्लर आली, पुठ्ठे चुलीत गेले. त्याच वर्षी भाऊंची बायकोही गेली, मूलबाळ नव्हतं. गावातली टंचाई संपली, भाऊंच्या दुकानातली मात्र हटेना. कधीही जा, चिल्लर नाही, उद्या न्या. एकदा साबण घेताना गल्ला उघडा राहिला. आत नाण्यांचा ढीग. मी पाहिलं, हे भाऊंनीही पाहिलं.

"पुठ्ठे होते तवा मानसं वापस येत होते, मास्तर," ते हळूच म्हणाले. "आता हिशोब मिटला का कोनी येत नाही."

मला फार वाईट वाटलं. माझे आठ आणे त्यांच्याकडेच ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी ते मागायला गेलो, चहा घेतला, आणि नको असलेली काडेपेटी घेऊन पुन्हा चार आणे बाकी ठेवून आलो.