तळघरातल्या स्विचची वीस फेऱ्यांची चाचणी

माणसाला निसर्गाने दोन कान दिले आहेत. मात्र ते पुरेसे असल्याचा समाधानकारक पुरावा अद्याप कोणालाही सादर करता आलेला नाही. म्हणूनच सुधारलेल्या समाजात श्रवण मंडळं असतात. मिनेसोटातल्या डुलुथ गावी असंच एक मंडळ आहे. सभासद सात. पैकी कानात यंत्र घालणारे तीन. (घालायला हवं असे आणखी दोन आहेत, त्यांना हे अनेकदा सांगून झालं आहे, पण ऐकू गेलेलं नाही.) मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन वाजता ऑरव्हिल टॉफ्टेच्या तळघरात भरतं.

ऑरव्हिल मंडळाचा अध्यक्ष. एकतीस वर्षं त्याने गावाच्या पाणीपुरवठा खात्यात सरोवराचं पाणी तपासलं. प्रत्येक नमुना दोनदा तपासल्याशिवाय त्याने कधी सही केली नाही, आणि म्हणून गाव एकतीस वर्षं निर्धास्तपणे नळाचं पाणी प्यायलं. असा माणूस निवृत्त झाला की त्याचा काटेकोरपणा घरात शिरतो. ऑरव्हिलचा तळघरात शिरला. तिथे इंटरनेटवरची गाणी वाजवणारी एक पेटी होती, तिच्यापुढे अँप्लिफायर, त्याच्यापुढे कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणि या सगळ्यांसमोर एक खुर्ची. एकच. दुसरी ठेवली की आवाजाचा मध्य सरकतो. पत्नी मार्लिसला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ऐकण्याची मुभा होती.

मंडळाची पहिली अडचण भाषेची. डुलुथमध्ये एखादी गोष्ट अत्युत्तम असली की तिला ‘वाईट नाही’ म्हणतात. लग्नाच्या जेवणापासून नातवंडापर्यंत सगळ्यांना हे एकच विशेषण पुरतं. श्रवणाच्या शास्त्राला मात्र मखमली, हवेशीर, दाणेदार, रुंद खांद्यांचा, असे शब्द लागतात. मंडळाचा सचिव रोलंड पेकाला (निवृत्त दंतवैद्य) याने सत्तावीस मान्य विशेषणांची यादी टाइप करून भिंतीवर चिकटवली होती. ‘वाईट नाही’ अठ्ठाविसावं. ते दोन बैठकांच्या चर्चेनंतर घेतलं गेलं.

गेल्या उन्हाळ्यात ऑरव्हिलने स्विच घेतला. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. घरात आलेलं इंटरनेट वेगवेगळ्या यंत्रांना वाटून देणारी ती एक डबी असते. आठ वर्षं त्याच्याकडे साधी डबी होती आणि तिच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. पण साध्या स्विचमधून आलेलं गाणं धापा टाकत पोचतं, असं त्याने एका मासिकात वाचलं आणि त्या दिवसापासून त्याला धाप ऐकू येऊ लागली. नवा स्विच खास संगीतासाठी बनवलेला. वजन विटेएवढं. आत एक अत्यंत अचूक घड्याळ, जे वेळ दाखवत नाही. (किमतीचा उल्लेख मंडळात असभ्य मानतात. मार्लिस मंडळाची सभासद नाही.)

स्विचबरोबर वायरही आली. वायरीवर बाण होता. गाणं कोणत्या दिशेने जायचं ते तिला त्यावरून कळतं. नवी वायर कच्ची असते, ती लोणच्यासारखी मुरावी लागते: दोनशे तास, शक्यतो पियानो. जमिनीला लागू नये म्हणून तिच्याखाली मेपल लाकडाचे ठोकळे ठेवायचे. ऑगस्टमध्ये साफसफाई करताना मार्लिसने वायर काढली आणि परत लावताना बाण उलटा झाला. पुढचे तीन आठवडे गाणी उलट्या वायरीतून वाजली. मंडळाच्या वहीत त्या काळापुढे ‘खर्जात लक्षणीय प्रगती’ अशी नोंद आहे.

उपाध्यक्ष होता डेलमार हाउगेन. गावच्या शाळेत चौतीस वर्षं मुलांना संगणक शिकवलेला, शांत, उंच, स्वेटरची कोपरं विरलेला माणूस. त्याची आणि ऑरव्हिलची चाळीस वर्षांची मैत्री. दोघांच्या सामाईक मालकीची एक हिरवी लाकडी खोपी होती. हिवाळ्यात गावाबाहेरचं तळं गोठलं की ती बर्फावर ओढत न्यायची, बर्फाला दोन भोकं पाडायची आणि शेगडीशेजारी गळ टाकून बसायचं. डेलमारची बायको आर्डिस दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून डेलमार जे काही बोलायचा, ते बहुतेक त्या खोपीतच.

सप्टेंबरच्या बैठकीत नव्या स्विचवर सगळ्यांनी गाणं ऐकलं. एक बाई, एक भलंमोठं व्हायोलिन आणि भरपूर श्वास, असं ते गाणं. (मंडळात ते कोणालाच आवडत नाही, ते ऐकण्यासाठी नसून तपासण्यासाठी आहे.) सहा जणांनी यादीतली चौदा विशेषणं वापरली. डेलमार म्हणाला, मला काही फरक वाटत नाही.

ऑरव्हिलने गाणं पुन्हा लावलं. डेलमारला पुन्हा वाटला नाही. मग त्याने वर्गात सांगावं तसं सांगितलं, की गाणं वायरीतून आकड्यांच्या रूपाने येतं. आकडे एकतर पोचतात किंवा पोचत नाहीत. वाटेत ते थकत नाहीत. तुझ्या मुलीचं पत्र चांगल्या वायरीतून आलं म्हणून त्यात माया वाढते का, असं त्याने विचारलं. ऑरव्हिल म्हणाला, माझी मुलगी पत्र लिहीत नाही. आणि मग, सगळ्यांच्या देखत, जे म्हणू नये तेही म्हणाला.

“चौतीस वर्षं शाळेची घंटा ऐकलीस तू, डेलमार. कान गेलेत तुझे.”

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी अतिशय नम्रपणे बोलू लागले. डुलुथमध्ये ही अवस्था अबोल्यापेक्षा गंभीर समजतात. डिसेंबर आला, तळ्यावर हातभर बर्फ धरला, पण खोपी डेलमारच्या अंगणात तशीच पडून राहिली.

नाताळानंतर डेलमारने सचिवाला पत्र लिहून रीतसर चाचणीची मागणी केली. नियम असे ठरले. दोन्ही स्विच कपडे धुण्याच्या जागेत, चादरीच्या पडद्याआड राहतील. वीस फेऱ्या होतील. प्रत्येक फेरीला नाणं उडवून स्विच ठरेल. स्विच तोच राहिला तरी वायर काढून पुन्हा घालायची. पडद्यामागच्या व्यक्तीने बोलू, खोकू अगर गुणगुणू नये. हरणाऱ्याने मंडळाच्या वहीत माफी लिहावी. पडद्यामागे कोण, यावर मात्र वाद झाला नाही. मार्लिसने चर्चच्या गायनवृंदाला तीस वर्षं शिस्त लावली होती. तिच्या प्रामाणिकपणावर सगळ्यांचा विश्वास होता आणि तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी चाचणी झाली. ऑरव्हिलने खुर्चीत डोळे मिटून वीस उत्तरं दिली. रोलंड पेकालाने ती नाण्याच्या नोंदीशी ताडून पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा ताडून पाहिली.

वीसपैकी एकोणीस बरोबर.

असं निव्वळ नशिबाने व्हायचं म्हटलं तर पन्नास हजारांत एखाद्या वेळी होईल, हा हिशेब खोलीत फक्त डेलमारलाच करता येत होता. त्याने तो मनात केला. उठून ऑरव्हिलचा हात हातात घेतला, म्हणाला, “तू बरोबर होतास.” वहीत शाळेच्या सुबक अक्षरात तीन ओळी लिहिल्या आणि मार्लिसने केलेल्या लिंबाच्या वड्यांना हातही न लावता घरी गेला. उरलेल्या पाचांनी ऑरव्हिलला ‘वाईट नाही’ म्हटलं.

ऑरव्हिलला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलं. बुधवारी संध्याकाळी मार्लिस गायनाच्या तालमीहून घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. चर्चच्या पायऱ्यांवर तिला डेलमार भेटला होता. खोपी विकून टाकतो म्हणाला. बर्फ तडकायच्या आधी आवाज करतो, आणि ज्याला सहा जणांना ऐकू येणारी गोष्ट ऐकू येत नाही त्याने बर्फावर जाऊ नये. मग म्हणाला, की आर्डिस शेवटच्या सकाळी काहीतरी बोलली होती, ते त्याला कळलं नव्हतं. तिचा आवाज खोल गेला होता म्हणून कळलं नाही, असं तो दोन वर्षं धरून चालला होता. आता वाटतं, ती नीटच बोलली असेल.

 दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला दोघं समोरासमोर बसले, तेव्हा मार्लिसने विचारलं, तू ओळखलंस तरी कसं.

“अगं, गाणं सुरू व्हायच्या आधीच कळतं,” ऑरव्हिल म्हणाला. “चांगला स्विच असला की एक बारीक कट् होतं. मग कोणी श्वास सोडावा तसं काहीतरी. आणि मग शांतता पसरते.”

मार्लिसने टोस्टवर लोणी लावायचं थांबवलं. “कट्, आणि मग श्वास.”

“हो. मासिकात तिला काळीभोर शांतता म्हणतात.”

“तो माझा डावा गुडघा आहे, ऑरव्हिल.”

 नवा स्विच खालच्या फळीवर होता, तिने सांगितलं. वायर तिथे घालायची तर दर वेळी खाली बसावं लागत होतं. एकदा मात्र तिने वॉशिंग मशीनचा आधार घेतला होता. तीच बहुधा त्याची चुकलेली फेरी.

“गुडघा कधीपासून वाजतोय?”

“दोन वर्षं झाली. तीनदा सांगितलं तुला.”

“मला नाही आठवत.”

“एकदा तू वायर मुरवत होतास.”

ऑरव्हिलमधला पाणी तपासणारा माणूस अजून जिवंत होता. त्याने दुसरा नमुना घेतला. मार्लिसला पडद्यामागे पाठवलं, कधी खाली बस, कधी उभी राहा म्हणून सांगितलं आणि स्वतः खुर्चीत डोळे मिटले. कट्. श्वास. बाई गाऊ लागली, आणि तिचा आवाज खरोखरच मखमली होता, हवेशीर होता, यादीतले सत्तावीसच्या सत्तावीस शब्द लागू पडत होते. दहा फेऱ्या झाल्यावर त्याने पडदा सारला. वायर पहिल्यापासून साध्याच स्विचमध्ये होती. नवा स्विच मार्लिसने कपडे वाळवायच्या यंत्रावर ठेवला होता, त्यावर मोजे होते.

ऑरव्हिलने टोपी घातली आणि गाडी काढली.

डेलमारचं दार उघडंच होतं. तो आतल्या खोलीत स्पीकरसमोर बसला होता आणि शेजारी तसाच, विटेएवढ्या वजनाचा नवा स्विच होता. चाचणीनंतर घरी येताच मागवला म्हणे, कान सुधारता येतात का ते पाहायला. ऑरव्हिलने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: खालची फळी, गुडघा, मोजे. डेलमारने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मला बरं वाटावं म्हणून एवढी गोष्ट रचलीस,” तो म्हणाला. “पण गरज नाही रे. काल रात्रीपासून मला फरक ऐकू येतोय.”

ऑरव्हिल म्हणाला, डेलमार, फरक नाहीच आहे. डेलमारने त्याला खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं. तीच बाई, तोच श्वास. ऑरव्हिलला काही वेगळं वाटलं नाही. डेलमारने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, पाण्याच्या पंपांशेजारी एकतीस वर्षं काढलीस, असं व्हायचंच. मग खिडकीबाहेर, खोपीवरच्या बर्फाकडे बघत तो हळूच म्हणाला, “म्हणजे कान शाबूत आहेत माझे. आर्डिसचाच आवाज खोल गेला होता.”

ऑरव्हिलजवळ पुरावा होता. मार्लिसला फोन करायचा अवकाश, ती दहा मिनिटांत गुडघ्यासह हजर झाली असती. त्याने फोन खिशातच राहू दिला. एकतीस वर्षांत आणि नंतरही प्रथमच त्याने नमुना दुसऱ्यांदा तपासला नाही.

“असेल,” तो म्हणाला. “चल, खोपी काढू.”

त्या शनिवारी खोपी तळ्यावर गेली. दोघं आता तिच्यात बसून वाद घालतात, स्विचने फरक पडतो असं डेलमार म्हणतो, पडत नाही असं ऑरव्हिल, आणि मासे त्यामुळे फारसे येत नाहीत.

मंडळात मात्र अपरिहार्य ते बदल झाले. श्रवणशक्ती क्षीण झाल्याच्या कारणावरून ऑरव्हिलचा राजीनामा खेदपूर्वक मंजूर झाला. डेलमार हाउगेन बिनविरोध अध्यक्ष झाला. गुडघ्याची माहिती मंडळासमोर ठेवण्यात आली आणि तीवर सखोल विचार झाला. संगीताच्या गुणवत्तेवर गुडघ्याचा परिणाम होतो, याविषयी आता शंका उरलेली नाही. डावा श्रेष्ठ की उजवा, यासाठी पोटसमिती नेमली आहे. मार्लिसला डॉक्टरांनी फेब्रुवारीची तारीख दिली तेव्हा रोलंड पेकालाने लेखी विनंती केली, की समितीचं काम पुरं होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. मार्लिसने त्या कागदावर त्याला जे उत्तर लिहून पाठवलं, ते मंजूर विशेषणांच्या यादीत बसत नसल्यामुळे वहीत घेतलेलं नाही.

ऑरव्हिल टॉफ्टेला हसणं सोपं आहे, आणि सुजाण वाचक आतापर्यंत हसला असेल. त्याच्यासाठी एक छोटी चाचणी सुचवावीशी वाटते. तिला पडदा, नाणं, स्विच काही लागत नाही. आपण हे वाचायला बसल्यापासून घरातलं कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारून गेलं आहे. काय विचारलं, ते मान वर न करता सांगावं. (आपण ‘हं’ असं उत्तर दिलं आहे, एवढी नोंद उपलब्ध आहे.)