बाबलकाकांचा वैध पत्ता

"तुझो कंप्युटर माका अवैध म्हणता!" असं ओरडत बाबलकाका भर दुपारी आमच्या पडवीत शिरले. माझ्या हातातला चहाच सांडला.

पार्शाच्या, म्हणजे आमच्या गावच्या, जत्रेसाठी मी वेबसाइट केली होती. नाव लिहायचं, ई-मेल पत्ता द्यायचा, झाली नोंदणी. शेजारच्या बाबलकाकांनी पत्त्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'देवळामागे, फणसाकडचं घर.' खाली लाल अक्षरं उमटली, 'पत्ता वैध नाही.'

"माझ्या आज्यान बांधलेला घर! पंचायत कधी अवैध म्हणाक नाय, तू कोण?"

ह्या पत्त्याला घर लागत नाही, ॲट आणि टिंब लागतं, हे सांगता सांगता माझा घसा सुकला. शेवटी त्यांच्या मोबाइलवर ई-मेल उघडून दिला. साइटचा पडताळणीचा मेल आला, काकांनी तो दाबला आणि रकाना हिरवा झाला.

तेव्हापासून काकांना चेवच चढला. पोदेराकडे पाव घेणाऱ्यांना ते अडवू लागले, "टिंब घातलंस मरे?" एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवऱ्याला हे विचारलं. भटजी मंगलाष्टक विसरले.

पण खरा हादरा मला नोंदणी तपासताना बसला. वाड्यावरच्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या नोंदल्या गेल्या होत्या. ज्यांना फोन उचलता येत नाही, त्यांचेही पत्ते वैध! सगळे काकांच्या मोबाइलवर उघडलेले.

"काका, ही फसवणूक झाली!"

"कसली फसवणूक? उद्या झिलान लिहिल्यान, तर आयेक पत्तो नको? चल माझ्यावांगडा."

ते मला रुक्मिणीमावशीकडे घेऊन गेले. तिचा मुलगा दुबईला, त्याचे फोन येणं कधीच बंद झालेलं. मावशी पायरीवर बसली होती.

"झिलाचा पत्र इला काय रे, बाबल?"

"इला. ऐक." काकांनी मोबाइल डोळ्यांशी धरला. "आये, मी बरो आसंय. काम खूप, म्हणान फोन जमणा नाय. गुडघ्याक तेल लाय. रातची पेज चुकवू नको."

मी मागून डोकावलो. पडद्यावर माझ्याच साइटचा मेल होता, 'आपला ई-मेल पत्ता वैध आहे. धन्यवाद.' त्याखाली काहीच नव्हतं.

मावशीने पदर डोळ्यांना लावला. "परत वाच रे."

काकांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.